मोर, साप आणि चंद्राचा वेग

शाळेच्या गणितात एक प्रकार असा असतो, की तो वाचताना हुशार मुलेही अडखळतात. एक गाडी अमुक वेगाने निघाली, दुसरी दोन तासांनी तिच्या मागून निघाली, तर दुसरी पहिलीला कुठे गाठेल? सूत्र एका ओळीचे असते: वेग गुणिले वेळ म्हणजे अंतर. ते मुलांना पाठ असते, गुणाकार-भागाकारही येत असतो, आणि तरी उत्तर चुकते. घरोघरी परीक्षेच्या आदल्या रात्री यावरून आवाज चढतात. मुलाचे लक्ष नाही, असा निष्कर्ष निघतो आणि गणिताची भीती आणखी एक पायरी वर चढते.

एक छोटे उदाहरण घेऊ. एक माणूस मोटारीने गावाला जाताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेला आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने परत आला. पूर्ण प्रवासातील त्याचा सरासरी वेग किती? बहुतेक जण पटकन ५० म्हणतात. ते उत्तर बरोबर नाही. काही मुले म्हणतात, की गाव किती लांब आहे तेच दिलेले नाही, मग गणित सुटणार कसे? ही तक्रार रास्त वाटते, आणि तिचे उत्तर नऊशे वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या एका शिक्षकाने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्या उत्तराकडे आपण शेवटी येऊ. आधी त्या शिक्षकाची ओळख करून घेऊ. ते म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ चा. हे साल आपल्याला कळते, कारण त्यांनी स्वतःच ते आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. गोत्र शांडिल्य, वडिलांचे नाव महेश्वर आणि राहण्याचे ठिकाण सह्याद्रीजवळचे विज्जडविड, एवढी माहितीही त्यांनीच दिली आहे. महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. घराण्यात अनेक पिढ्या विद्येची परंपरा होती. पंचांग कसे मांडायचे, ग्रहणाची वेळ कशी काढायची, सावलीवरून वेळ कशी ओळखायची, हे त्या घरात मुलांच्या कानावर रोज पडत असणार.

त्या काळात ही विद्या केवळ हौसेची नव्हती. आज पंचांग छापील मिळते आणि घड्याळ मनगटावर असते. तेव्हा तिथी कधी संपते, ग्रहण केव्हा लागते, हे सांगणाऱ्या माणसाची परीक्षा सगळ्या गावासमोर व्हायची. ग्रहण सांगितलेल्या वेळी लागले नाही, तर चूक लपवायला जागा नसायची. आकाशात चाललेल्या प्रत्येक गोष्टीचा वेग, तिने कापायचे अंतर आणि त्याला लागणारी वेळ, हेच या विद्येचे रोजचे गणित होते.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा आपला मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. ‘लीलावती’ हा अंकगणित आणि भूमितीचा, ‘बीजगणित’ हा नावाप्रमाणे बीजगणिताचा, ‘ग्रहगणित’ हा ग्रहांच्या गतीचा आणि ‘गोलाध्याय’ हा खगोलाच्या रचनेचा. क्रमातच त्यांची शिकवण्याची दृष्टी दिसते. चंद्राच्या गतीपर्यंत पोहोचायचे असेल, तर आधी साध्या त्रैराशिकात हात बसला पाहिजे.

‘लीलावती’ या नावामागची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, तिच्या लग्नाचा मुहूर्त, पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र आणि त्याच्या छिद्रात अडकलेला मोती. मुहूर्त चुकला आणि वडिलांनी मुलीच्या नावाने ग्रंथ लिहिला, अशी ती कथा. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथांत कुठेही नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती आली आहे, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. कथा खरी मानायला आधार नाही. मात्र ग्रंथात जागोजागी समोर बसलेल्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला उद्देशून प्रश्न विचारलेले आहेत, हे खरे आहे.

ग्रंथाची सुरुवात मोजमापांपासून होते. आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन. आजच्या मुलांची वेगाची गणिते जिथे सर्वाधिक चुकतात ती हीच जागा आहे. वेग ताशी किलोमीटरमध्ये, पुलाची लांबी मीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत दिलेली असते. मूल थेट भागाकार करून मोकळे होते. भास्कराचार्य आधी एककांचा तक्ता पक्का करून घेतात आणि मगच आकडेमोडीला हात घालू देतात.

त्यानंतर येते त्रैराशिक. तीन राशी माहीत असतील तर चौथी काढायची. जवळजवळ सगळे अंकगणित या एका रीतीने व्यापलेले आहे, असे त्यांचे मत होते. वेगाचे गणितही मुळात त्रैराशिकच आहे: एका तासात इतके अंतर, तर इतक्या तासांत किती? पण लगेच पुढे ते सावध करतात. कधी कधी एक राशी वाढली की दुसरी कमी होते. तेथे व्यस्त त्रैराशिक लावायचे. त्यांचे उदाहरण धान्याचे आहे. सात आढकांच्या मापाने मोजली तेव्हा रास शंभर मापे भरली. तीच रास पाच आढकांच्या मापाने मोजली तर किती मापे भरतील? माप लहान झाले, म्हणून संख्या वाढणार: १४०. वेगाचेही तसेच आहे. अंतर तेच असेल आणि वेग वाढला तर वेळ कमी होते. गणित करण्याआधी उत्तर वाढायला हवे की घटायला हवे, एवढे मूल स्वतःशी बोलले तरी निम्म्या चुका टळतात.

आता त्यांच्या उदाहरणांकडे येऊ. नऊ हात उंचीच्या एका खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो. मोर तिरका झेपावतो. दोघांचा वेग सारखा आहे. तर बिळापासून किती हातांवर मोर सापाला पकडेल?

येथे वेगाचा आकडा दिलेलाच नाही आणि वेळही दिलेली नाही. घाबरणारे मूल येथेच पेन्सिल खाली ठेवेल. पण वेग सारखा आणि निघण्याची वेळ एकच, म्हणजे दोघांनी कापलेले अंतरही सारखेच असणार. एवढे लक्षात आले की गणितातील गती संपते आणि एक काटकोन त्रिकोण उरतो. भास्कराचार्यांची रीत अशी: खांबाच्या उंचीचा वर्ग ८१. त्याला २७ ने भागले की ३. ते २७ मधून वजा केले की २४. त्याचे निम्मे १२. बिळापासून १२ हातांवर साप सापडतो. पडताळून पाहा. साप २७ वजा १२, म्हणजे १५ हात चालला. मोराच्या वाटेचा वर्ग म्हणजे ८१ अधिक १४४, एकूण २२५. त्याचे वर्गमूळ १५. दोघेही पंधरा हातच गेले.

दुसरे उदाहरण एका राजाच्या स्वारीचे आहे. शत्रूचे हत्ती पकडण्यासाठी राजा निघाला. पहिल्या दिवशी तो दोन योजने गेला. पुढे रोज सारखीच वाढ करत त्याने सात दिवसांत ८० योजनांवरचे शत्रूचे नगर गाठले. रोजची वाढ किती? सात दिवसांचा मधला दिवस चौथा. वाढ रोज सारखी असल्यामुळे चौथ्या दिवसाची मजल ही सरासरी मजलेइतकी, म्हणजे ८० भागिले ७ योजने. पहिल्या ते चौथ्या दिवसात तीन वेळा वाढ झाली. ८० भागिले ७ मधून २ वजा केले की ६६ भागिले ७ उरतात आणि त्याचा तिसरा हिस्सा २२ भागिले ७. रोजची वाढ ३ योजने आणि एका योजनाचा सातवा भाग. येथे वेग स्थिर नाही, रोज बदलतो. तरीही बदल नियमित असेल, तर तो गणितात पकडता येतो. विद्यार्थ्याच्या मनात हा विचार रुजवून भास्कराचार्य पुढे आकाशाकडे वळतात.

आपल्या पंचांगातील तिथी हेही वेगाचेच गणित आहे. आकाशाच्या वर्तुळाचे ३६० अंश आणि प्रत्येक अंशाच्या ६० कला. सूर्य रोज सरासरी ५९ कला ८ विकला पुढे सरकतो आणि चंद्र ७९० कला ३५ विकला. दोघे एकाच दिशेने जातात, म्हणून चंद्र सूर्याला रोज ७३१ कला २७ विकला मागे टाकतो. मागून येणारी वेगवान गाडी पुढच्या गाडीला केव्हा गाठेल, हे काढताना आपण वेगांची वजाबाकी करतो, अगदी तसेच. चंद्राने सूर्यापुढे १२ अंश, म्हणजे ७२० कला आघाडी घेतली की एक तिथी होते. ७२० ला ७३१.४५ ने भागून २४ तासांनी गुणले, की सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची येते. पूर्ण फेरीच्या २१,६०० कलांना त्याच आकड्याने भागले, की साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमास मिळतो. दोन ग्रहांच्या युतीसाठीही नियम हाच. दोन्ही एका दिशेने जात असतील तर त्यांच्यातील अंतराला वेगांच्या फरकाने भागायचे. एक वक्री असेल, म्हणजे उलट दिशेने जात असेल, तर वेगांच्या बेरजेने भागायचे. शाळेतील समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचा नियम तो हाच.

अडचण अशी, की चंद्र सरासरी वेगाने चालत नाही. कधी तो दिवसाला पावणेबारा अंशांच्या आसपास सरकतो, तर कधी सव्वापंधरा अंशांच्या. म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटोपते आणि एखादी जवळपास सत्तावीस तास चालते. दिनदर्शिकेत तिथीचा क्षय आणि वृद्धी दिसते ती यामुळे. आज सूर्योदयाला चंद्र कुठे होता आणि उद्या कुठे असेल, यातील फरकाला भास्कराचार्य स्थूल गती म्हणतात. पण चंद्राचा वेग क्षणोक्षणी बदलतो, म्हणून तिथीचा शेवट जवळ आला असता त्या क्षणाची गती घ्यावी, असे ते सांगतात. तिला त्यांनी नाव दिले तात्कालिक गती.

हा विचार साधा नाही. एका क्षणात अंतर कापले जात नाही, मग एका क्षणाचा वेग म्हणजे काय? भास्कराचार्यांनी त्याचे उत्तर ज्या आणि कोटिज्या यांच्या साहाय्याने दिले. कोनात अगदी थोडा बदल झाला, तर ज्येत होणारा बदल त्या ठिकाणच्या कोटिज्येच्या प्रमाणात असतो. आज बारावीचा विद्यार्थी साइनचे अवकलन कोसाइन म्हणून लिहितो, त्यातील गाभा हाच आहे. मध्यम आणि स्पष्ट स्थितीतील फरक जेथे सर्वांत जास्त असतो, तेथे त्या फरकाची वाढ शून्य होते, हेही त्यांनी नोंदवले. हा विचार त्यांनी पूर्णपणे शून्यातून उभा केला असे नाही. दहाव्या शतकातील मुंजालाच्या ग्रंथात गतीसाठी कोटिज्या वापरलेली आढळते. भास्कराचार्यांनी त्यामागचे कारण समजावून सांगितले आणि संकल्पनेला नाव दिले.

त्यांचे सगळेच बरोबर होते असेही नाही. त्यांच्या विश्वात पृथ्वी मध्यभागी स्थिर होती. सर्व ग्रह रोज सारखीच योजने चालतात आणि दूरच्या ग्रहांची कक्षा मोठी असल्यामुळे ते संथ दिसतात, असे त्या काळचे सिद्धान्त मानत आणि तेही मानत. सूर्यापासून दूर असलेले ग्रह खरोखरच हळू चालतात, हे सतराव्या शतकात केप्लरने दाखवले. मात्र आकाशात ग्रह कोणत्या वेळी कुठे दिसेल, याचे भास्कराचार्यांचे गणित त्यांच्या साधनांच्या मानाने फार चांगले होते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, इ.स. ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. हे पुस्तक विद्वानांसाठी कमी आणि रोज पंचांग मांडणाऱ्यांसाठी अधिक होते. मोठमोठ्या संख्या टाळून सोप्या रीतींनी ग्रहांची स्थाने कशी काढावीत, ते त्यात आहे. मोठा ग्रंथ लिहून झाल्यावर तेहतीस वर्षांनी, उतारवयात, सामान्य गणकाचे काम हलके करण्यासाठी त्यांनी पुन्हा लेखणी हातात घेतली.

त्यांच्यानंतर काय झाले, ते एका दगडावर लिहिलेले आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी पाटण हे जुने ठिकाण आहे. तेथील देवळातल्या शिलालेखाची माहिती डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणली. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने याच नगरातून आपल्याकडे नेले. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवले जावेत, म्हणून चांगदेवाने येथे मठ स्थापन केला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्या मठाला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून पळीभर तेल मठाला मिळावे, अशा तरतुदी त्यात आहेत. म्हणजे खानदेशातील एका गावचा बाजार गणिताच्या शाळेचा खर्च उचलत होता.

पुढेही ही परंपरा तुटली नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. १८१६ मध्ये मुंबईत आणि १८१७ मध्ये लंडनमध्ये ‘लीलावती’ची इंग्रजी भाषांतरे छापली गेली. शतकानुशतके मुले त्याच मोराच्या आणि सापाच्या मागे धावत राहिली.

आता सुरुवातीच्या गणिताकडे वळू. अंतर दिलेले नाही, ही मुलाची तक्रार. ‘लीलावती’त यासाठी इष्टकर्म नावाची रीत आहे. जी राशी माहीत नाही, तिच्या जागी सोयीची कोणतीही संख्या धरायची, गणित पूर्ण करायचे आणि शेवटी गरज असेल तर प्रमाणात दुरुस्ती करायची. गाव १२० किलोमीटर लांब आहे असे धरा. जाताना ३ तास लागले, येताना २. एकूण २४० किलोमीटर, ५ तासांत. सरासरी वेग ताशी ४८ किलोमीटर. गाव ६० किंवा ६०० किलोमीटरवर धरले तरी उत्तर ४८ च येते, मुलाला ते स्वतः करून पाहू द्या. उत्तर ५० का आले नाही, तेही मग त्याच्या लक्षात येईल. हळू वेगाने तो माणूस ३ तास चालला आणि जलद वेगाने २ च तास, म्हणून सरासरी हळू वेगाकडे झुकली.

घरी असे गणित अडले, तर भास्कराचार्यांचा क्रम वापरून पाहावा. आधी एकके एकसारखी करावीत. मग कोण कोणत्या दिशेने जाते याची कागदावर आकृती काढावी. काय सारखे आहे ते शोधावे: वेळ, वेग की अंतर. उत्तर वाढायला हवे की घटायला हवे ते आधीच बोलून ठेवावे. आकडा दिलेला नसेल तर धरावा. उत्तर आले की मोर आणि साप दोघेही पंधरा हातच गेले ना, असे तपासून पाहावे. यात घाई करू नये. मुलाला गोष्ट समजायला वेळ लागतो आणि तो वेळ गणिताचाच भाग असतो.

पाटणच्या शिलालेखात दानाची वेळही दिली आहे: शके ११२८, प्रभव संवत्सर, म्हणजे इ.स. १२०७, श्रावणातील पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा समय. ग्रहण किती वेळ टिकेल, हेही वेग, अंतर आणि वेळेचेच गणित. चंद्राचा व्यास सरासरी ३२ कला, त्याच्या वाटेवरील पृथ्वीच्या छायेचा सुमारे ८२ कला. चंद्र छायेच्या मधोमध गेला, तर ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत त्याला ११४ कला कापाव्या लागतात. रोजच्या ७३१ कलांच्या हिशेबाने त्याला सुमारे पावणेचार तास लागतात. चंद्र मधोमध न जाता थोडा बाजूने गेला, तर मोराच्या खांबासारखाच काटकोन त्रिकोण मांडायचा. त्या पौर्णिमेला दानाचे पाणी हातावर सोडले गेले, तेव्हा आजोबांच्या रीतीने ग्रहणाची वेळ काढून देणारा नातू त्याच गावच्या मठाचा संस्थापक होता. त्या मठात पुढच्या वर्षी शिकायला बसलेल्या मुलांनी पहिले गणित कोणते सोडवले असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही. आपल्या मुलांनाही आज संध्याकाळी तेच घालून पाहा. खांब नऊ हात, साप सत्तावीस हातांवर, वेग सारखा.